घंटेपासून चिपपर्यंत

मराठीत ‘पाळणे’ आणि ‘पाळत’ हे दोन शब्द एकमेकांच्या इतके निकट आहेत की, त्यांच्या अर्थांत केवढे अंतर पडले आहे हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. गाय पाळावी, कुत्रा पाळावा. पाळत मात्र ठेवावयाची ती चोरावर किंवा शत्रूवर. तथापि ज्याने जनावर पाळले त्याला त्याजवर पाळत ठेवणे कधी चुकलेले नाही. ते या घटकेस कोठे आहे, त्याने वेळेवर खाल्ले की नाही, त्याला काही दुखतखुपत तर नाही, आणि ते आपलेच आहे हे परक्या माणसास पटवून कसे द्यावे, हे चार प्रश्न गुराख्याला पडत होते, सरदाराच्या पागेत पडत होते आणि आज शहरातील चौथ्या मजल्यावर मांजर बाळगणाऱ्या गृहिणीलाही पडतात. या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने मात्र गेल्या दहापंधरा वर्षांत फार झपाट्याने बदलली.

दिल्लीत किंवा बंगळूरला नोकरी करणारे एखादे मराठी जोडपे आज कचेरीत बसून घरच्या कुत्र्याकडे स्मार्टफोनवर पाहत असते. घरी कॅमेरा आहे. त्यातून मालकाचा आवाजही कुत्र्याला ऐकू जातो. ठरल्या वेळी भांड्यात मोजके खाद्य आपोआप पडते. गळ्यातला पट्टा कुत्र्याचा ठावठिकाणा उपग्रहांच्या साहाय्याने सांगतो आणि तो दिवसाकाठी किती चालला, किती झोपला याची नोंद ठेवतो. या सर्व उपकरणांना इंटरनेटने एकत्र बांधले आहे. ही धनिकांची हौस म्हणून कोणी हसण्यावारी नेईल; परंतु यांतील एकेका साधनाची वंशावळ शोधू लागलो की, आपण फार जुन्या, आणि काही ठिकाणी फार दुःखद, अशा इतिहासात जाऊन पोहोचतो.

प्रारंभ घंटेपासून करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात भित्र्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधावी असे सांगून तिची दोन प्रयोजने दिली आहेत. सर्प व श्वापदे यांना भिवविणे हे पहिले, आणि जनावर चरत चरत कोठे गेले ते कळणे हे दुसरे. गळ्यातील वस्तूने दूरच्या मालकास ठिकाण कळवावे ही कल्पना इतकी जुनी आहे. आपल्याकडच्या गुराख्याला प्रत्येक घंटेचा नाद वेगळा ओळखता येई. डोंगराआड गेलेली गाय चालते आहे, चरते आहे की बसली आहे, हे तो आवाजाच्या लयीवरून सांगे. ज्या जनावराला पळून जाण्याची खोड असे त्याच्या गळ्यात लाकडाचे लोढणे अडकवीत. त्याला विजेचीही गरज नव्हती आणि मासिक वर्गणीचीही.

त्याच प्रकरणात कौटिल्याने नोंदवहीचाही विचार केला आहे. वासरू महिन्या-दोन महिन्यांचे झाले की त्यास डाग द्यावा, आणि डागाची खूण, अंगची जन्मजात खूण, रंग व शिंगांची ठेवण ही सर्व लिहून ठेवावीत, असा त्याचा दंडक आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत जनावरांच्या कानांवर केल्या जाणाऱ्या स्वस्तिक, स्रुवा, छिद्र इत्यादी खुणांचे शब्द व्याकरणाच्या निमित्ताने आले आहेत. व्याकरणकाराला ज्याची दखल घ्यावी लागते ती गोष्ट लोकांच्या नित्याच्या बोलण्यातली असली पाहिजे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात तिष्य, पुनर्वसू अशा ठराविक दिवशी घोड्यांना व बैलांना डागण्याची मनाई आहे. हा लेख असलेला एक स्तंभ दिल्लीत फिरोजशहा कोटल्यावर आजही उभा आहे. डागणे त्याने सर्वस्वी बंद केले नाही. राज्यकारभारास ते हवेच होते. काही दिवस तरी त्या मुक्या जिवांना सुट्टी द्यावी, एवढीच त्याची आज्ञा. ज्याने कधी सरकारी काम केले आहे त्याला ही तडजोड चांगली समजेल.

पुढे दिल्लीच्या सुलतानांपैकी अलाउद्दीन खिलजीने फौजेतील घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत सुरू केली. शेरशहाने ती पुन्हा उचलली आणि अकबराने १५७४ च्या सुमारास ती नेटाने चालविली. कारण उघड होते. हजेरीच्या दिवशी उसना घोडा आणून दाखवावयाचा आणि एरवी तट्टावर भागवावयाचे, हा लबाडीचा धंदा सर्वत्र चालत असे. डाग हा घोड्याच्या हिताचा नव्हता; खजिन्याच्या हिताचा होता. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या कायद्याने गावोगावचा कोंडवाडा नियमबद्ध झाला आणि मोकाट जनावराच्या दंडाच्या पावत्या फाटू लागल्या. रंग, शिंगे, अंगावरील गोम अशा वर्णनाची कोंडवाड्याची वही ज्याने वाचली असेल, त्याला कौटिल्याचा गोध्यक्ष अगदीच परका वाटणार नाही.

गायबैलांची गोष्ट अशी नोंदीत गेली; कुत्र्याची मात्र रस्त्यावर राहिली. कुत्रा घरचा की उडाणटप्पू, हे ठरविण्याचे साधन नसले म्हणजे काय होते, याचा विलक्षण दाखला मुंबई शहराच्या इतिहासात आहे. १८३२ साली मुंबईच्या पोलीस मॅजिस्ट्रेटने मोकाट कुत्रे मारण्याच्या हंगामाची मुदत वाढविली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. बक्षीस आले की हिशेब बदलतो. रस्त्यावरचा खंगलेला कुत्रा पकडणे कष्टाचे, घराच्या ओट्यावर निजलेला कुत्रा पकडणे सोपे. आणि आठ आणे दोहोंचे सारखेच. मारेकरी लोकांच्या दारांतून कुत्रे ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मदृष्ट्या मोठे स्थान आहे. अंत्यसंस्कारातही त्याची उपस्थिती लागते. जून महिन्याच्या ६ तारखेला फोर्टमध्ये पारशांनी या मारेकऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशांबरोबर हिंदू, जैन व इस्माइली मंडळीही त्यात होती. फौजेकडे जाणारी रसद अडली, सैन्य बोलवावे लागले आणि पुढाऱ्यांवर खटले झाले.

इतिहासकार या दंगलीकडे मुंबईतील व्यापारी समाज आणि कंपनी सरकार यांच्यातील ताणाचे उदाहरण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी ओट्यावरच्या कुत्र्याजवळ ‘मी अमक्याचा’ असे सांगणारे, सरकारला मान्य होईल असे काहीही नव्हते. गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला असणे ही पुढे जी साधी बाब झाली, तिच्यावर त्या वेळी जीव अवलंबून होता.

बिल्ला हरवतो, पट्टा तुटतो, चोर तो काढून टाकतो. म्हणून खूण कातडीखाली नेण्याची कल्पना आली. तिचा उगमही कुत्र्यात नाही. १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित रेडिओलहरींनी संदेश कसा पाठविता येईल यावर निबंध प्रसिद्ध केला. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जेथे अणुबाँब घडविला गेला तेथेच, गाईंची ओळख व त्यांच्या अंगचे तापमान दुरून वाचण्याच्या यंत्रणेवर काम झाले. त्या परंपरेतून आजची मायक्रोचिप आली. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचेची कुपी दोन खांद्यांच्या मध्ये सुईने कातडीखाली सोडतात. तिच्यात विजेचा घट नसतो. वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्याच लहरींतून ती क्षणभर शक्ती घेते आणि आपला पंधरा आकडी क्रमांक सांगून पुन्हा मुकी होते. १९९६ च्या सुमारास या क्रमांकाची व लहरींची आंतरराष्ट्रीय मानके ठरली. इंग्लंडात ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांना ती सक्तीची झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक सुशिक्षित माणसांची समजूत अशी असते की, चिप बसविली म्हणजे कुत्रा कोठे आहे ते घरबसल्या कळते. तसे मुळीच नाही. चिप काही अंगुळांपलीकडे बोलत नाही. हरवलेला कुत्रा कोणीतरी दयेने उचलावा, वाचकयंत्र असलेल्या पशुवैद्याकडे न्यावा, क्रमांक योग्य दप्तरात शोधला जावा, आणि त्या दप्तरात मालकाचा आजचा पत्ता असावा, इतकी सर्व साखळी जुळली तरच तो घरी येतो. अमेरिकेत कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपा निरनिराळ्या लहरींवर बोलत. एकीचे यंत्र दुसरीची चिप वाचू शकत नसे. बिल्ला अंगात असूनही तो न वाचला गेलेला कुत्रा आणि १८३२ मधला मुंबईच्या ओट्यावरचा कुत्रा यांच्या नशिबात मग फारसा फरक राहत नाही.

आता दुसरी शाखा पाहू. जनावराची प्रकृती दुरून पाहणे आणि त्याला आपल्या अनुपस्थितीत खाऊ घालणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी यंत्रावर सोपविण्याचा जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग ३ नोव्हेंबर १९५७ रोजी झाला. मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली, सुमारे सहा किलो वजनाची एक कुत्री त्या दिवशी ‘स्पुटनिक-२’ मधून पृथ्वीभोवती फिरू लागली. ‘लायका’ हे नाव आपल्याकडच्या त्या काळच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले होते. तिच्या अंगावर हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, रक्तदाब व हालचाल टिपणारी साधने होती. तिच्या समोर यंत्राने खाद्य येण्याची सोय होती. अन्न व पाणी एकत्र करून ते थिजविलेले होते. उष्णता वाढली तर पंखा आपोआप सुरू व्हावा अशीही योजना होती. आजच्या ‘स्मार्ट’ घरात कुत्र्यासाठी जे जे असते त्याची प्रतिकृती त्या कोठडीत होती, असे म्हणावयास हरकत नाही. नव्हती ती फक्त परतीची वाट. तिला परत आणण्याची योजनाच केलेली नव्हती.

उड्डाणाच्या वेळी तिची नाडी मिनिटाला १०३ वरून २४० वर गेली. ती पूर्ववत होण्यास जमिनीवरील चाचण्यांत लागे त्याच्या तिप्पट वेळ लागला. कोठडी तापत गेली. हे आकडे पृथ्वीवर येत होते, तज्ज्ञ ते वाचत होते, आणि त्यांपैकी कोणालाही काही करता येण्याजोगे नव्हते. काही तासांतच आकडे थांबले. जगाला मात्र ती काही दिवस सुखरूप जगली असेच सांगण्यात आले. खरी हकीकत रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव यांनी २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथील परिषदेत मांडली. त्यापूर्वी, १९९८ मध्ये, त्या प्रयोगात भाग घेतलेले वृद्ध शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी, कुत्रीच्या मरणाचे समर्थन व्हावे इतके ज्ञान आपल्याला त्यातून मिळाले नाही, अशी खंत उघडपणे व्यक्त केली होती.

१९६० च्या ऑगस्टमध्ये बेल्का व स्ट्रेल्का या दोन कुत्र्या एक दिवस अंतराळात राहून जिवंत परतल्या. त्यांच्यासमोर दूरचित्रवाणीचा कॅमेरा होता. आकड्यांवरून सारे ठीक दिसत होते. परंतु चौथ्या फेरीत बेल्का अस्वस्थ होऊन धडपडत असल्याचे चित्रांत दिसले. पहिला मनुष्य पाठविताना एकच फेरी ठेवावी या निर्णयामागे या निरीक्षणाचा वाटा होता. आकडा एक सांगतो आणि डोळा दुसरे सांगतो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

अंतराळातून जमिनीवरील जनावर पाहण्याची पाळी दहा वर्षांनी आली. १९७० मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यात ‘मोनीक’ नावाच्या एका एल्क हरिणीच्या गळ्यात सुमारे दहा किलोंचा पट्टा बांधून ‘निंबस-३’ उपग्रहाने तिचा माग घेण्यात आला. एवढे ओझे मांजराच्या गळ्यात अडकविणे अर्थातच शक्य नव्हते. घटक लहान झाले, आणि २ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या लष्करी उपग्रहांच्या संदेशांत नागरी उपयोगापुरता मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला. स्थाननिश्चितीतील सुमारे शंभर मीटरांची चूक त्यामुळे दहावीस मीटरांवर आली. गल्ली चुकत होती ती आता सापडू लागली. पुढील व्यापार मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात कंपन्यांच्या नावांखेरीज फारसे रंजक काही नाही. २०१२ साली अमेरिकेत ‘व्हिसल’ आणि ऑस्ट्रियात ‘ट्रॅक्टिव्ह’ या कंपन्या निघाल्या आणि कुत्र्याचा पट्टा मालकाच्या खिशातील फोनशी बोलू लागला.

या साधनांचा खरा उपयोग मला हरवलेल्या जनावरापेक्षाही आजारी जनावराच्या बाबतीत अधिक वाटतो. मुके जनावर दुखणे लपविते. हृदयरोग झालेल्या कुत्र्याचे झोपेतील श्वास मिनिटाला तिसांच्या वर सतत राहू लागले की पशुवैद्य सावध होतात. हे श्वास रात्रभर जागून कोण मोजणार? पट्ट्यातील गतिमापक ते मोजू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. तो पुन्हापुन्हा मातीच्या भांड्याकडे जातो आणि काही न होता परततो, ही खूण नोकरीवर गेलेल्या माणसाच्या दृष्टीस पडत नाही, भांड्याखालच्या तराजूच्या पडते. मधुमेही माणसांच्या दंडावर लावण्याची साखर मोजणारी चकती पशुवैद्य आता कुत्र्यामांजरांच्या भादरलेल्या कातडीवर चिकटवू लागले आहेत. येथे यंत्राने माणसाची जागा घेतली असे कोणी म्हणू नये. माणूस तेथे नव्हताच.

परंतु ज्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपण नसून एखादी दूरची कंपनी असते, ती दोरी केव्हा सुटेल याचा नेम नाही. ‘पेटनेट’ नावाच्या एका अमेरिकन कंपनीची खाद्य वाढणारी यंत्रे २०१६ च्या जुलैमध्ये दूरचा सर्व्हर बंद पडल्यामुळे काही तास अडली. २०२० च्या फेब्रुवारीत पुन्हा तसेच झाले, आणि या वेळी व्यत्यय सुमारे आठवडाभर टिकला. यंत्र घरात, धान्य यंत्रात, मांजर यंत्रापुढे, आणि हुकूम मात्र शेकडो मैलांवरून यावयाचा! ‘व्हिसल’चेही तेच झाले. ती कंपनी २०१६ मध्ये एका बड्या खाद्यउद्योगाने घेतली, २०२५ मध्ये तिच्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली आणि ३१ ऑगस्ट २०२५ नंतर तिचे चांगले चालणारे पट्टे निरुपयोगी झाले. सरकारी दप्तरावर दिरंगाईचा आरोप नेहमी होतो, आणि त्यात तथ्यही असते. परंतु दप्तर विकले गेले म्हणून कोंडवाड्यातील गाय निनावी झाली, असे कधी घडल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय कुत्र्याचा पट्टा कुत्र्यापुरतेच सांगत नाही. कुत्रा फिरावयास निघाला म्हणजे मालक निघाला. पट्टा दुपारभर घरात एकटा निजला म्हणजे घर रिकामे आहे. कुटुंबाची ही दिनचर्या कोणाच्या वहीत जाते आणि ती वही पुढे कोणास विकली जाते, हा प्रश्न मालकांनी विचारावयास हवा. खिलजीच्या डागात घोड्याबरोबर शिपायाचेही वर्णन लिहिले जाई, हे येथे आठवते.

आपल्या देशात या साधनांचा सर्वांत मोठा उपयोग मात्र चौथ्या मजल्यावरच्या घरात झालेला नाही. गाईम्हशींच्या कानांत बारा आकडी क्रमांकाचे बिल्ले आले आहेत आणि लसीकरण, रेतन यांच्या नोंदी त्या क्रमांकावर जमा होतात. मुंबईच्या विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात २०२३ च्या जुलैमध्ये फोनने वाचता येणारे बिल्ले बांधले गेले. लस केव्हा टोचली ते त्यावरून कोणालाही कळावे ही कल्पना. आणि गोव्यात तर या साधनांनी माणसांचे प्राण वाचविले. तेथे २०१३ पासून राज्य सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून पिसाळ रोगाविरुद्ध मोहीम चालविली. लस टोचणाऱ्या प्रत्येक तुकडीजवळ स्मार्टफोन होता. कोणत्या वाड्यावर किती कुत्रे दिसले, किती टोचले, किती निसटले हे जागच्या जागी नकाशावर चढे, आणि दुसऱ्या दिवशी तुकडीने कोठे जावयाचे ते त्यावरून ठरे. वर्षाला सुमारे ९५,००० कुत्र्यांना लस मिळू लागली. त्या प्रयत्नांवरील शोधनिबंधानुसार २०१९ पर्यंत कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले. २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षांत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने गोव्यात एकही मनुष्य दगावला नाही.

या कुत्र्यांपैकी अनेकांना मालक नाही, पट्टा नाही, चिपही नाही. तुकडीतील एक जण जाळे टाकून कुत्रा धरतो, दुसरा सुई टोचतो, तिसरा फोनवर नोंद करतो; आणि सोडण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर रंगाचा एक ठसठशीत पट्टा ओढतात, म्हणजे मागून येणाऱ्यांनी त्यालाच पुन्हा धरू नये. तो रंग काही दिवसांत निघून जातो.